पॅचची सब्जेक्ट लाइन: कंसात काय, कोलनच्या आधी काय, नंतर काय

पाटावरवंटा

लिनक्स कर्नलला पॅच (मेलने पाठवलेला कोडमधला बदल) पाठवण्याबद्दलचे प्रश्न इथे पाच-सहा धाग्यांत विखुरलेत आणि त्यातले बरेचसे सब्जेक्ट लाइनपाशीच अडलेले दिसतात. म्हणून हा वेगळा धागा. मी कर्नलपुरतं लिहितो. गिट, गो, नोड किंवा गिटहबवरच्या प्रकल्पांचे संकेत ज्यांच्या रोजच्या हातातले आहेत त्यांनी भर घालावी.

आधी एक खुलासा. गिटच्या (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या हत्याराच्या) आज्ञा आणि प्रीफिक्स (कोलनआधीचा भाग) इथे देवनागरीत लिहितोय आणि नमुन्यांतला सारांश मराठीत. टर्मिनलवर आणि खऱ्या पॅचमध्ये सगळं रोमन लिपीत, इंग्रजीत.

नमुना म्हणून हार्डवेअर मॉनिटरिंगमधला एलएम७५ हा तापमान सेन्सरचा ड्रायव्हर घेऊ:

[पॅच व्ही२ १/३] एचडब्ल्यूमॉन: (एलएम७५) वाचन फसल्यावर जुनं तापमान परत देऊ नकोस

यात तीन तुकडे आहेत आणि तिघांची आयुष्यं वेगवेगळी. चौकटी कंस (इथे: दुसरी आवृत्ती, तीनपैकी पहिला पॅच) फक्त मेलच्या प्रवासापुरता असतो. मेंटेनरने (त्या विभागाचा कोड सांभाळणाऱ्याने) पॅच लावला की तो गळून पडतो. कोलनपर्यंतचा भाग म्हणजे पत्ता, कर्नलच्या कुठल्या खोलीत हात घातला ते. उरलेला सारांश आणि हा पत्ता मिळून कायमचे इतिहासात जातात. चार वर्षांनी कोणी 'गिट ब्लेम' (कोडची ओळ कुठल्या बदलाने आली ते सांगणारी आज्ञा) मारून त्या बदलापाशी पोचलं की त्याला हीच ओळ दिसते.

पत्त्याचा सगळ्यांना लागू असा एकच नियम कुठे लिहिलेला नाही. तो फाइलच्या इतिहासात सापडतो:

गिट लॉग --वनलाइन --नो-मर्जेस -२० -- ड्रायव्हर्स/एचडब्ल्यूमॉन/एलएम७५.सी

वीस ओळी बघायच्या, एक नाही. सगळ्यात वरचा कमिट (इतिहासात नोंदलेला बदल) बऱ्याचदा कर्नलभर केलेल्या साफसफाईचा असतो आणि त्याचा प्रीफिक्स 'ट्रीवाइड' असतो. तो उचलला की फसलात. बहुसंख्य ओळी काय म्हणतात ते घ्यायचं, अगदी विरामचिन्हांसकट. एचडब्ल्यूमॉनमध्ये ड्रायव्हरचं नाव गोल कंसात असतं आणि कंसानंतर कोलन नसतो. शेजारच्या आयआयओमध्ये 'आयआयओ: एडीसी: एडी७१९२:' असे कोलनमागून कोलन. एक्स८६ मध्ये तिरकी रेघ, 'एक्स८६/एमएम:'. डेव्हफ्रीकमध्ये त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा, 'पीएम / डेव्हफ्रीक:'. यात तर्क शोधू नका. प्रत्येक मेंटेनरची जुनी सवय आहे ती, घराघरांतल्या फोडणीसारखी.

सारांश आज्ञार्थी. 'काढ', 'जोड', 'तपास', 'परत देऊ नकोस'. 'काढलं', 'काढतोय', 'या पॅचमध्ये काढले आहे' हे नको. कर्नलच्या दस्तऐवजातच म्हटलंय की जणू तुम्ही कोडला हुकूम सोडताय असं लिहा. एकेरीच. कोडला अहोजाहो नाही.

---

आडवी_रेघ

कंस गळून पडतो हे म्हणालात तिथे जोड देतो, कारण नवख्यांचे प्रीफिक्स इथेच हरवतात.

मेलमधला पॅच लावणारं 'गिट एएम' सब्जेक्टच्या सुरुवातीचे *सगळे* चौकटी कंस काढून टाकतं. फक्त पॅच लिहिलेलाच कंस नाही. म्हणजे कोणी

[पॅच] [एचडब्ल्यूमॉन] एलएम७५ चं वाचन तपास

असं पाठवलं तर इतिहासात उरतं 'एलएम७५ चं वाचन तपास', आणि पत्ता गायब. 'गिट एएम -बी' दिलं तर पॅच शब्द नसलेले कंस राहतात, पण मेंटेनर तुमच्यासाठी वेगळा पर्याय वापरणार नाही. गिटहबवरून आलेल्यांना चौकटी कंसात विभागाचं नाव लिहायची सवय असते. कर्नलमध्ये ती सोडावी लागते.

सुरुवातीचं 'री:' सुद्धा असंच काढलं जातं. त्यामुळे उत्तर म्हणून पाठवलेला पॅचही नीट लागतो, पण यंत्रं आणि माणसं दोघांच्याही नजरेतून तो सुटतो. पॅच उत्तरात कोंबू नका.

दुसरी चूक: सब्जेक्ट आणि मजकूर यांच्यात रिकामी ओळ न सोडणं. गिटच्या लेखी पहिल्या रिकाम्या ओळीपर्यंतचं सगळं शीर्षक. ओळ सोडली नाही तर अख्खा परिच्छेद एका ओळीत जोडला जाऊन '--वनलाइन'मध्ये आगगाडीसारखा येतो.

---

सह्यवारा

लांबीचं नक्की काय? कोणी ५० म्हणतं, कोणी ७२, कर्नलचं दस्तऐवज ७०-७५ म्हणतं. आणि [पॅच नेट-नेक्स्ट व्ही३ ०२/११] एवढी शेपटी पुढे लावल्यावर उरतं काय?

आणि कोलननंतरचं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल?

---

पाटावरवंटा

@सह्यवारा, तिन्ही आकडे खरे आहेत, जागा वेगवेगळ्या.

५० हा गिटचा स्वतःचा मऊ आकडा. गिट प्रकल्पाला पॅच देताना तो पाळायचा. विमसुद्धा कमिट लिहिताना पन्नासाव्या अक्षरानंतर रंग बदलतो, त्यामुळे हा आकडा सगळीकडे पसरला.

७२ चा हिशोब ८० रकान्यांच्या टर्मिनलचा. 'गिट लॉग' डावीकडे ४ जागा सोडतं, उजवीकडे तेवढ्याच ठेवल्या की ७२ उरतात. गिटहबही ७२ नंतर शीर्षक तोडून तीन टिंबं टाकतं.

७५ कर्नलचा. त्यात पत्ता आणि सारांश मोजायचे, चौकटी कंस नाही, कारण तो गळणारच आहे. तुमच्या उदाहरणातला कंस रोमनमध्ये मागच्या मोकळ्या जागेसकट २६ अक्षरं खातो. मेलमध्ये ओळ १०१ पर्यंत गेली तरी चालतं.

मारामारी होते ती लांब प्रीफिक्सशी. पत्त्यातच तीस अक्षरं गेली तर सारांशात ड्रायव्हरचं नाव पुन्हा लिहू नका. डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलींच्या) बाइंडिंगवाल्यांनी हे लिहूनच ठेवलंय. प्रीफिक्स 'डीटी-बाइंडिंग्ज:' असताना पुढे 'डॉक्युमेंटेशन', 'बाइंडिंग' हे शब्द पुन्हा नकोत, जागा मोलाची आहे. तिथेही एक मेख आहे. साधारण क्रम 'डीटी-बाइंडिंग्ज: विभाग:' असा, पण साउंडचा एएसओसी, मीडिया, रेग्युलेटर आणि एसपीआय यांना उलटा हवा, 'विभाग: डीटी-बाइंडिंग्ज:'. म्हणून पुन्हा लॉग.

अक्षराचं: टिप ट्रीमध्ये, म्हणजे एक्स८६, शेड्युलर वगैरे, पहिलं अक्षर कॅपिटल, तसं त्यांच्या दस्तऐवजात लिहिलंय. तिथेच हेही आहे की प्रीफिक्समध्ये फाइलचं नाव किंवा पूर्ण मार्ग नको. नेटवर्किंगमध्ये बहुतेक स्मॉल दिसेल. गिट प्रकल्पात कोलननंतर स्मॉल, खास कारण नसेल तर. पूर्णविराम कुठेच नाही.

---

तिठा

नेटवर्किंगचं जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे कंसातला मजकूर निव्वळ शोभेचा नाही.

नेटदेवमध्ये (नेटवर्किंगच्या पॅचच्या मेल-यादीत) दोन झाडं, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या प्रती, आहेत. 'नेट'मध्ये चालू आवृत्तीतल्या दुरुस्त्या, 'नेट-नेक्स्ट'मध्ये पुढच्या आवृत्तीचं नवं काम. कुठल्या झाडासाठी ते कंसात लिहायचं: [पॅच नेट] किंवा [पॅच नेट-नेक्स्ट]. पॅचवर्कवर (मेलवर आलेल्या पॅचची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर) चालणारी तपासणी हा शब्द वाचूनच झाड निवडते, त्यावर पॅच लावते, बिल्ड करते. शब्द नसेल तर ती अंदाज बांधते. अंदाज चुकला की पॅच लागत नाही, लाल खूण येते, आणि चूक कोडमध्ये नसतानाही तुम्ही कोडमध्ये शोधत बसता.

कुठलं निवडायचं हे ठरवायची सोपी खूण: 'फिक्सेस:' टॅग लावता येतोय का? ज्या कमिटने बिघाड आणला तो दाखवता येत असेल आणि वापरणाऱ्याला त्याचा त्रास होत असेल तर 'नेट'. नुसती स्पेलिंगची दुरुस्ती, वॉर्निंग, नीटनेटकेपणा असेल तर 'नेट-नेक्स्ट', भले तुम्ही तिला फिक्स म्हणा.

मर्ज विंडो (नवं काम मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा काळ) उघडी असते ते साधारण दोन आठवडे नेट-नेक्स्ट बंद. त्या काळात नवं काम दाखवायचंच असेल तर आरएफसी (फक्त मतं मागणारा पॅच) म्हणून पाठवा. एका मालिकेत १५ पेक्षा जास्त पॅच नकोत. नवी आवृत्ती २४ तासांच्या आत पुन्हा नको. चुकून झाड लिहायचं राहिलं तर लगेच दुसरी प्रत पाठवायची घाई बऱ्याच जणांना होते. नका करू. त्याच धाग्यात 'हे नेट-नेक्स्टसाठी आहे' एवढं एका ओळीत कळवा.

बीपीएफमध्ये हीच पद्धत, नावं 'बीपीएफ' आणि 'बीपीएफ-नेक्स्ट'. वायरलेसमध्ये 'वायरलेस' आणि 'वायरलेस-नेक्स्ट', शिवाय प्रीफिक्सच्या सुरुवातीला 'वायफाय:' लागतं, मग ड्रायव्हर. 'वायफाय: एटीएच११के:' असं.

---

निरांजन

व्ही२, रिसेंड आणि आरएफसी यातला फरक कोणी नीट सांगेल का? एकाच मालिकेत फक्त दुसरा पॅच बदलला तर फक्त त्यालाच व्ही२ लावायचं का?

---

आडवी_रेघ

नाही. व्ही२ अख्ख्या मालिकेचा असतो. एक अक्षर बदललं तरी तिन्ही पॅच व्ही२ म्हणून पुन्हा जातात. मेंटेनर 'बी४ एएम'ने मालिका ओढतात. ते हत्यार सगळ्यात नवी आवृत्ती शोधतं ती सब्जेक्टमधल्या आकड्यावरून. अर्धी व्ही१, अर्धी व्ही२ अशी खिचडी पाठवली तर मालिका अपुरी निघू शकते.

रिसेंड म्हणजे *काहीही न बदलता* पुन्हा पाठवणं, उत्तर आलं नाही म्हणून. किमान एक आठवडा थांबून. मर्ज विंडो असेल तर त्याहून जास्त. काही बदललं असेल तर ते रिसेंड नव्हे, पुढचा आकडा.

आरएफसी म्हणजे 'मत द्या, लावू नका'. आरएफसी लिहून मग पॅच लागायची वाट बघू नका.

हे सगळं हाताने लिहायचं नसतं. पायऱ्या:

गिट फॉरमॅट-पॅच -३ -व्ही२ --कव्हर-लेटर --सब्जेक्ट-प्रीफिक्स="पॅच नेट-नेक्स्ट" -ओ जाणारे/

याने शेवटच्या ३ कमिटच्या चार फाइली होतात, ०/३ ते ३/३. अकरा पॅच असतील तर आकडे आपोआप ०१/११ असे शून्य लावून येतात, त्यामुळे मेलपेटीत क्रम बिघडत नाही. हाताने १/११, १०/११, २/११ लिहिणाऱ्यांचा तो बिघडतोच. आरएफसीसाठी '--आरएफसी'.

मग ०/३ ची (कव्हर लेटरची, म्हणजे मालिकेच्या प्रस्तावनेची) फाइल उघडून सब्जेक्ट आणि मजकूर भरायचा. तिथे तारांकित 'सब्जेक्ट इथे' असा नमुना असतो. तो तसाच राहिला तर 'गिट सेंड-ईमेल' पाठवायला नकार देतं. '--फोर्स' लावून तो नकार मोडू नका, तो तुमच्याच भल्याचा आहे. कव्हर लेटरच्या सब्जेक्टलाही पत्ता हवा. आणि तिन्ही पॅचना एकच सारांश देऊन फक्त आकडा बदलायचा हे तर दस्तऐवजातच निषिद्ध आहे.

व्ही२ मध्ये काय बदललं ते सब्जेक्टमध्ये नाही, कमिट मेसेजमध्येही नाही. तीन आडव्या रेघांच्या खाली. (माझं नाव तिथूनच.) त्या रेघांपासून बदललेल्या कोडपर्यंतचं सगळं पॅच लावताना गळतं.

बी४ वापरत असाल तर 'बी४ प्रेप --सेट-प्रीफिक्सेस नेट-नेक्स्ट' एकदा द्यायचं, आवृत्तीचा आकडा तेच सांभाळतं. पाठवण्याआधी 'बी४ सेंड -डी'. त्याने काहीच जात नाही, फक्त काय गेलं असतं ते दिसतं. '--रिफ्लेक्ट' दिलं तर सगळं फक्त तुमच्याच पत्त्यावर येतं.

आणि व्ही२ हा व्ही१ च्या उत्तरात अडकवू नका. मालिकेसाठी नवा धागा, जुन्याची लिंक कव्हर लेटरमध्ये.

---

चकलीचा_सोऱ्या

धागा चांगला चाललाय, पण एक विचारतो. कन्व्हेन्शनल कमिट्ससारखा (शीर्षकाची सुरुवात बदलाच्या प्रकाराने करायचा) एकच नियम सगळीकडे असता तर हा लॉग धुंडाळायचा खटाटोप कशाला? 'फिक्स:', 'फीट:', 'डॉक्स:', झालं. यंत्रालाही वाचता येतं, आवृत्तीचा आकडाही आपोआप वाढतो. कर्नलवाले उगाच जुनं धरून बसलेत असं वाटतं.

---

पाटावरवंटा

@चकलीचा_सोऱ्या, दोन्हीकडे पहिल्या शब्दाला वेगळं काम दिलंय. कन्व्हेन्शनल कमिट्समध्ये तो सांगतो *कुठल्या प्रकारचा* बदल. कर्नलमध्ये तो सांगतो *कुठे*. शेकडो मेंटेनर आहेत. एएसओसीवाल्याला दिवसभरच्या मेलमधून आपले पॅच उचलायचे असतात, त्याला 'फिक्स:' या शब्दाचा काडीचा उपयोग नाही. कर्नलच्या आवृत्तीचा आकडाही कमिटच्या प्रकारावर ठरत नाही.

'ही दुरुस्ती आहे' हे कर्नलमध्ये 'फिक्सेस:' ओळ सांगते, आणि जास्त नेमकेपणाने: कुठल्या कमिटमधला बिघाड. हॅशची (कमिटच्या ओळखक्रमांकाची) १२ अक्षरं आणि कंसात त्या कमिटचा पूर्ण सब्जेक्ट. गिटमध्ये 'कोअर.अ‍ॅब्रेव्ह' १२ ठेवा आणि दस्तऐवजात दिलेला 'प्रिटी.फिक्सेस' हा साचा एकदा बसवा, म्हणजे 'गिट लॉग -१ --प्रिटी=फिक्सेस' आणि पुढे त्या कमिटचा हॅश दिला की ओळ तयार मिळते. ७५ अक्षरांचा सब्जेक्ट असेल तर ती ९९ ची होते. होऊ दे. तोडायची नाही, तोडली की शोधणारी स्क्रिप्ट ती वाचत नाही.

सब्जेक्ट एवढा जपायचं कारण तो पुढे ओळखपत्रासारखा फिरतो. स्टेबल झाडात (आधीच सुटलेल्या आवृत्त्यांच्या दुरुस्त्यांच्या) पॅच जातो तेव्हा हॅश बदलतो, सब्जेक्ट तोच राहतो, आणि मजकुराच्या सुरुवातीला मूळ कमिटचा हॅश लिहिला जातो. डिस्ट्रोवाले (लिनक्स बांधून वाटणारे) 'हा पॅच आपल्याकडे आहे का' हे बऱ्याचदा सब्जेक्टवरूनच शोधतात. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रकल्प स्वतः सीव्हीई (सुरक्षेच्या त्रुटीचा ओळख) क्रमांक देतो. त्या घोषणेचं शीर्षक म्हणजे क्रमांक आणि पुढे कमिटचा सब्जेक्ट, जसाच्या तसा. 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहिलेला पॅच उद्या सुरक्षेची दुरुस्ती निघाला तर जगभर तेच शीर्षक फिरणार.

---

चकलीचा_सोऱ्या

मान्य, 'कुठे' आणि 'काय प्रकार' हा फरक पटला. मग गिटहबच्या बाजूचं मी लिहितो. तिथलाही एक खड्डा आहे आणि तो फार कोणी दाखवत नाही.

सिमँटिक-रिलीजसारखं हत्यार मुख्य शाखेवरच्या कमिटचे सब्जेक्ट वाचतं. 'फिक्स' असेल तर आवृत्तीतला शेवटचा आकडा वाढतो, 'फीट' (नवी सोय) असेल तर मधला, मजकुराखाली 'ब्रेकिंग चेंज:' असेल तर पहिला. 'डॉक्स', 'चोअर' यांनी नवी आवृत्ती सुटत नाही. प्रकल्पांत पुल रिक्वेस्टच्या (बदल घ्यायच्या विनंतीच्या) *शीर्षकावर* तपासणी बसवलेली असते आणि विलीन करताना स्क्वॉश, म्हणजे सगळे कमिट एकात दाबणं. आता गिटहबचं मूळ वर्तन बघा. पुल रिक्वेस्टमध्ये एकाहून जास्त कमिट असतील तर स्क्वॉशला पुल रिक्वेस्टचं शीर्षक मिळतं. *एकच* कमिट असेल तर त्या कमिटचं शीर्षक मिळतं. म्हणजे पुल रिक्वेस्टचं शीर्षक 'फिक्स: तारखेचं पार्सिंग', तपासणी हिरवी, आत एकच कमिट आणि त्याचं शीर्षक 'अपडेट'. विलीन झाल्यावर शाखेवर 'अपडेट' जातं, आवृत्ती सुटत नाही, आणि लॉगमध्ये कुठेही चूक दिसत नाही.

उपाय रेपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये: स्क्वॉशचं शीर्षक नेहमी पुल रिक्वेस्टचंच घ्यायचं असं ठरवता येतं. ते करून टाका. शिवाय विलीन होताना शेवटी कंसात पुल रिक्वेस्टचा क्रमांक चिकटतो. चार आकडी क्रमांक मोकळ्या जागेसकट ८ अक्षरं खातो. ७२ पाळायचं तर लिहिताना ६४ वर थांबा.

'ब्रेकिंग चेंज' पूर्ण कॅपिटलमध्येच. नियमात बाकी शब्दांना लहान-मोठ्याची सूट आहे, याला नाही.

---

तिठा

गो भाषेचा संकेत मला सगळ्यात सोपा वाटतो. आधी पॅकेजचा मार्ग, 'नेट/एचटीटीपी:', मग लहान अक्षराने सुरुवात, शेवटी पूर्णविराम नाही. कसोटी अशी: 'हा बदल गोमध्ये असा फरक करतो की...' या वाक्याचा शेवट तुमच्या सारांशाने इंग्रजीत नीट जुळला पाहिजे. तिथे गिटहबवरून पाठवलेली पुल रिक्वेस्ट एक बॉट गेरिटमध्ये (कोड तपासायच्या वेबसाइटवर) नेतो, आणि कमिट मेसेज पुल रिक्वेस्टचं शीर्षक व वर्णन यांवरून बनतो. म्हणून गेरिटवर कोणी 'सब्जेक्ट सुधारा' म्हटलं की गिटहबवरचं शीर्षक बदलायचं. स्थानिक कमिट सुधारून पुश केल्याने काही होत नाही, आणि लोक नेमकं तेच करत राहतात.

नोडमध्येही 'विभाग: क्रियापद...', सगळं लहान अक्षरात, शक्यतो ५०, जास्तीत जास्त ७२.

---

निरांजन

भाषांतराचे पॅच देणाऱ्यांसाठी विचारतो. समजा एखाद्या प्रकल्पाच्या मराठी भाषांतराचा पॅच आहे. मजकूर सगळा मराठी. सब्जेक्ट मराठीत चालेल का?

---

आडवी_रेघ

प्रकल्पावर आहे, पण बहुतेक ठिकाणी नाही. गिट प्रकल्पाने भाषांतरकारांसाठी स्पष्ट लिहिलंय: सब्जेक्टची सुरुवात 'एल१०एन:' ने, त्यात आस्कीबाहेरचं (साध्या रोमन अक्षर-आकडे-चिन्हांबाहेरचं) एकही अक्षर नको, लांबी ५० च्या आत, बाकी ओळी ७२ पर्यंत, आणि साइन्ड-ऑफ-बाय (पाठवणाऱ्याच्या सहीची ओळ) हवंच. भाषांतर मराठीचं असलं तरी सब्जेक्टमध्ये फक्त भाषेचा संकेत, 'एमआर', आणि काय केलं ते इंग्रजीत.

कारण निव्वळ भाषेचं नाही, यंत्रांचंही आहे. मेलच्या सब्जेक्टमध्ये देवनागरी थेट जात नाही, ती सांकेतिक रूपात जाते. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि या रूपात एकेका बाइटला तीन अक्षरं लागतात. म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'दुरुस्ती' या छोट्या शब्दात द, उकार, र, उकार, स, हलन्त, त, वेलांटी मिळून ८ चिन्हं आहेत, म्हणजे ७२ अक्षरं. शीर्षक अनेक ओळींत मोडतं. चांगले मेल-वाचक ते परत जोडतात, पण साध्या ग्रेपने (शब्दशोधाच्या आज्ञेने) मेलचा साठा शोधणाऱ्याला काही सापडत नाही.

'फॉरमॅट-पॅच' फाइलचं नाव सब्जेक्टवरून बनवतं आणि त्यात रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि अधोरेषा एवढंच ठेवतं. पूर्ण देवनागरी सब्जेक्ट दिला तर नावात क्रमांक आणि एक आडवी रेघ उरते. दहा पॅच असतील तर कुठली फाइल कशाची ते उघडूनच बघावं लागतं.

मराठी मजकुराचं उदाहरण द्यायचंच असेल, जसं जोडाक्षर चुकीचं तुटत होतं, तर ते सब्जेक्टमध्ये न देता खाली मेसेजच्या मजकुरात द्या. तिथे युटीएफ-८ सुखाने जातं.

---

सह्यवारा

वरचं सगळं वाचून, मी आधीच पाठवलेला पॅच (व्ही१) इथे टाकतो, एलएम७५ चाच. चुका काढा.

[पॅच] ड्रायव्हर्स/एचडब्ल्यूमॉन/एलएम७५.सी: चेकपॅचचे वॉर्निंग दुरुस्त केले व परतावा तपासला.

पॅचमध्ये दोन गोष्टी आहेत: काही ओळींची मोकळी जागा नीट केली, आणि रजिस्टर वाचणाऱ्या फंक्शनचा परतावा (त्याने परत दिलेलं उत्तर) तपासला जात नव्हता तो तपासला.

---

पाटावरवंटा

एका ओळीत सगळे नमुने आलेत, त्यामुळे सुटं करून दाखवायला बरं.

फाइलचा मार्ग काढा. बदललेली फाइल खाली डिफमध्ये (बदललेल्या ओळींत) दिसतेच. तिथे 'एचडब्ल्यूमॉन: (एलएम७५)'.

'चेकपॅचचे वॉर्निंग' काढा. चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) स्वतःच यावर हरकत घेतं: सब्जेक्टने बदल सांगावा, बदल सुचवणाऱ्या हत्याराचं नाव नको. स्पार्स, स्मॅच या तपासणीच्या हत्यारांचंही तसंच. हत्याराचं नाव मजकुरात येऊ द्या.

'केले', 'तपासला' ही भूतकाळी रूपं. पूर्णविराम.

आणि तो 'व'. सब्जेक्टमध्ये 'व', 'आणि', 'तसेच' लिहावंसं वाटलं की समजा पॅच दोन आहेत. इथे तर आहेतच. परताव्याचा भाग ही खरी दुरुस्ती, ती स्टेबलमध्येही जाऊ शकते. तिच्याबरोबर मोकळ्या जागांचे बदल गेले तर जुन्या झाडात ती लागताना उगाच अडेल. दुरुस्ती आधी, साफसफाई नंतर:

[पॅच व्ही२ १/२] एचडब्ल्यूमॉन: (एलएम७५) रजिस्टर वाचन फसलं तर चूक वर कळव
[पॅच व्ही२ २/२] एचडब्ल्यूमॉन: (एलएम७५) ओळींची मांडणी सारखी कर

पहिल्यात 'परतावा तपास' असं मुद्दाम लिहिलं नाही. त्यातून फक्त कृती कळते. 'चूक वर कळव' म्हटल्यावर आजवर चूक दाबली जात होती हेही कळतं. पहिल्याला 'फिक्सेस:' लावा, दुसऱ्याला नको.

---

निरांजन

आणि लागल्यावर हा पॅच मागे घ्यावा लागला तर सब्जेक्ट काय?

---

आडवी_रेघ

'गिट रिव्हर्ट' जो देतं तोच: रिव्हर्ट, आणि अवतरणात मूळ सब्जेक्ट. त्याला हात लावू नका, शोधणारे त्यावरूनच शोधतात. का मागे घेतला ते मात्र मजकुरात लिहावंच लागतं, नुसती आपोआप आलेली ओळ कोणी स्वीकारत नाही. मागे घेतलेलं पुन्हा मागे घेतलं तर पूर्वी 'रिव्हर्ट रिव्हर्ट' अशी अवतरणातली अवतरणं साचायची. गिट २.४३ पासून तिथे 'रीअप्लाय' येतं.

@सह्यवारा, एक राहिलं. व्ही१ चा सब्जेक्ट तुम्ही पूर्ण बदलताय आणि पॅचही एकाचे दोन झालेत. शीर्षकावरून शोधणाऱ्याला जुनी चर्चा मिळणार नाही. कव्हर लेटर करा. त्यात व्ही१ चा जुना सब्जेक्ट शब्दशः आणि त्या धाग्याची लिंक द्या.

---

सह्यवारा

कव्हर लेटरचा सब्जेक्ट असा ठेवतोय, कंसात [पॅच व्ही२ ०/२]:

एचडब्ल्यूमॉन: (एलएम७५) वाचनातली चूक दाबू नकोस, मांडणी नीट कर

---

तिठा

स्वल्पविराम लावला तरी तो 'व'च आहे. :) पण ०/२ मध्ये चालतो. तिथे मालिकेत दोन गोष्टी आहेतच आणि तेच सांगायचंय. पाठवण्याआधी एकदा स्वतःच्या पत्त्यावर पाठवून बघा.